बाळंतपणाची पाठराखीण कोणी निवडावी?

मुलगी लग्न होऊन प्रथम सासरी निघाली, म्हणजे तिच्यासोबत पाठराखीण धाडण्याची आपल्याकडे चाल आहे. नवे घर, नवी माणसे, नवी रीत. अशा ठिकाणी तिच्या मनातले न बोलता ओळखणारे एक तरी माणूस जवळ असावे, एवढे शहाणपण आपल्या पूर्वजांपाशी खास होते. परंतु हीच मुलगी वर्षा-दोन वर्षांनी पोटात कळा घेऊन प्रसूतिगृहाच्या दाराशी येते, तेव्हा तिच्या पाठीशी कोण जाते? बाहेरच्या बाकावर दोन्हीकडची मंडळी बसलेली असतात, कोणी जप करीत असते, कोणी घड्याळ पाहत असते. आणि दार लागते. आत ती एकटी असते. आमचे आजचे भांडण त्या बंद दाराशी आहे. खरे सांगायचे तर, दाराबाहेर बसलेल्या आपणा सर्वांशीही आहे.

सातव्या महिन्यात आपण ओटी भरतो, फुलांची वाडी घालतो, झोपाळा सजवितो, पेढा की बर्फी हे ओळखण्याचा खेळ मांडतो. अनगोळ, वडगाव, टिळकवाडी या आपल्या भागात कोणत्याही सुखवस्तू घरी हा सोहळा पाहावा. हौसेला कोठेही उणे पडत नाही. दवाखाना निवडताना खोली कशी आहे, स्वतंत्र स्नानगृह आहे की नाही, याची बारकाईने चौकशी होते. बाळाचे नाव काय ठेवावे यावर तर दोन महिने खल चालतो. परंतु ‘तुला त्या वेळी जवळ कोण हवे?’ हा साधा प्रश्न त्या पोटुशीला कोणी विचारीत नाही. ऐन वेळी जी बाई घरात मोकळी असेल ती पिशवी उचलून निघते. जन्ममरणाच्या उंबरठ्यावरची सोबत आपण अशी ठरवितो, आणि वर म्हणतो की आम्ही मुलीचे काही कमी केले नाही!

पाश्चात्त्य देशांत अशा सोबतिणीला ‘डूला’ म्हणतात. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक डॅना राफेल यांनी १९७३ साली बाळंतिणीला आधार देणाऱ्या स्त्रीसाठी हा ग्रीक शब्द वापरला, आणि पुढे तो रूढ झाला. मूळ ग्रीक भाषेत त्याचा अर्थ दासी असा होतो. ही बाई नाळ कापीत नाही, औषध देत नाही, आत हात घालून तपासीत नाही. ती केवळ जवळ राहते. कमरेला चोळते, घोटभर पाणी पाजते, उठवून चार पावले चालविते, कळ आली की श्वास कसा सोडावा हे सांगते, कळ ओसरली की घाम पुसते. आणि मूल जन्मल्यानंतर त्याला पाजण्यापासून आईच्या झोपेपर्यंत काही दिवस घरी येऊन हातभार लावते. आता मोठ्या शहरांतून पैसे देऊन अशी डूला मिळू लागली आहे, आणि आपल्यांपैकी काहींना ती परदेशी थेरांपैकी एक वाटते. त्यांना आमची विनंती एवढीच, की त्यांनी आपल्या घरचे ग्रंथ एकदा उघडून पाहावेत.

चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सूतिकागाराचे वर्णन आहे. तेथे आसन्नप्रसवेच्या भोवती कशा स्त्रिया असाव्यात हे आचार्य एकेक गुण मोजून सांगतात: ज्यांना स्वतःला अनेकदा मुले झाली आहेत, ज्यांच्या ठायी स्नेह आहे, ज्या जात्याच वत्सल आणि प्रसंगी काय करावे हे जाणणाऱ्या आहेत, ज्यांनी विषाद टाकला आहे, ज्या कष्ट सोसू शकतात, आणि ज्या त्या स्त्रीला मान्य आहेत. कळ नसताना जोर करू नको, असे त्यांनी तिला समजवावे, हेही तेथे सांगितले आहे. सुश्रुताने अशा चार स्त्रिया सांगितल्या: वयाने पोक्त, प्रसूतीच्या कामात कुशल आणि नखे कापलेल्या. नखांपर्यंत ज्याची दृष्टी गेली, त्या शास्त्राला सोबतिणीचे महत्त्व कळले नव्हते असे कोण म्हणेल? चरकाच्या यादीतील शेवटचा गुण वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा. सोबतीण त्या स्त्रीला मान्य असावी. सासूला, नणंदेला किंवा शेजारणीला मान्य असावी, असे तेथे लिहिलेले नाही.

आता आधुनिक विद्येची साक्ष पाहू. ग्वाटेमाला देशातील एका रुग्णालयात प्रथमच बाळंत होणाऱ्या काही स्त्रियांजवळ एक अनोळखी, अशिक्षित म्हणावी अशी साधी बाई अखेरपर्यंत बसविण्यात आली, आणि काहींना नेहमीप्रमाणे एकटे ठेवण्यात आले. १९८० साली या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. एकट्या स्त्रियांना दाखल झाल्यापासून मूल होईपर्यंत सरासरी १९.३ तास लागले. सोबत असलेल्यांना ८.८ तास. प्रयोग लहान होता, म्हणून तेवढ्यावर कोणी विसंबले नाही. पुढे अनेक देशांत अशा चाचण्या झाल्या, आणि २०१७ साली कॉक्रेन संस्थेने १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून आढावा घेतला. ज्यांच्याजवळ सतत सोबत होती त्यांच्यात पोट चिरून मूल काढण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले, वेणांचा काळ सरासरी सुमारे ४० मिनिटांनी घटला, आणि बाळंतपणाची कटू आठवण घेऊन घरी जाणाऱ्या स्त्रियाही कमी निघाल्या. सर्वच चाचण्यांची प्रत सारखी नव्हती, हे आढावा घेणाऱ्यांनीच प्रांजळपणे नमूद केले आहे. परंतु सोबतीमुळे अपाय झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. कर्नाटकात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरांपैकी ३१.५ बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाल्याची नोंद आहे. यांतील कित्येक शस्त्रक्रियांनी जीव वाचविला असेल, हे उघड आहे. पण ज्या उपायाला ना यंत्र लागते ना औषध, तो आधी करून पाहू नये काय?

इतके वाचून आमचे काही सनातनी मित्र हर्षित होतील आणि म्हणतील, ‘पाहा! जुने तेच खरे. पूर्वी घरीच बाळंतपणे होत, सुईण येई, काढा-शेक होई, आणि आया ठणठणीत उठत.’ त्यांनाही आम्ही सवलत देणार नाही. ज्या उठल्या त्यांच्या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात. ज्या उठल्या नाहीत त्यांच्या सांगायला कोण उरले? पहिल्या मराठी स्त्री-डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन गेले, तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या, आणि १८८६ साली अमेरिकेत पदवीसाठी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. आपल्या परंपरेचा एवढा आदर आणि तिच्या उणिवांची एवढी जाण एकाच स्त्रीच्या ठायी होती. तो समतोल आपणही शिकावा.

आपल्याच जिल्ह्यातील दाखला अधिक बोलका आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह आसपासच्या खेड्यांत १६२० स्त्रियांवर एक चाचणी केली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या या स्त्रियांना मूल जन्मताच परिचारिकेने मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना नुसत्या देखाव्याच्या गोळ्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. रक्त मोजण्यासाठी खुणा केलेली एक प्लास्टिकची पिशवी वापरण्यात आली. नजरेचा अंदाज आणि या पिशवीचे माप यांची बेळगावात तुलना केली, तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. म्हणजे अनुभवी डोळ्यांनाही वाहून जाणारे रक्त पुरते दिसत नाही! तात्पर्य, हात धरल्याने धीर येतो, रक्त थांबत नाही. बाळंतपण दवाखान्यात किंवा प्रशिक्षित हातांनीच व्हावे, आणि सोबतिणीने स्वतःला वैद्य समजू नये, हे आमच्या म्हणण्याचे पहिले कलम आहे. १९९२–९३ साली देशात शंभरांपैकी सुमारे २६ बाळंतपणे रुग्णालयांत होत. २०१९–२१ मध्ये ८८.६ झाली, कर्नाटकात तर ९७. ही चाल योग्यच झाली. चूक एवढीच झाली की घरून निघताना आपण सुईणीची विद्या मागे ठेवली ती ठीक, पण तिची सोबतही मागे ठेवली.

आणि त्या सुईणीला तरी आपण कसे वागविले? गोव्याकडे तिला वयजीण म्हणतात, कानडीत सूलगित्ती. रात्री-अपरात्री कंदील घेऊन तिला बोलावून आणायचे, आपले वंशरत्न तिच्या हातांत प्रथम झेलायचे, आणि पाचवी उरकली की खण-नारळ देऊन तिला मागल्या दारी निरोप द्यायचा. पुन्हा ओसरीवर आली तर विटाळाची आठवण! गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आपण तिच्या बाबतीत शब्दशः पाळली. तुमकूर जिल्ह्यातील सूलगित्ती नरसम्मा यांनी १५ हजारांहून अधिक बाळंतपणे एक पैही न घेता केली; २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या निवर्तल्या. राष्ट्रपतिभवनात ज्या हातांचा सन्मान झाला, तसेच हात आपल्या गल्लीतून उपेक्षित गेले. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने १९०९ नंतर उच्चवर्णीय घरांतील स्त्रियांना, विधवांनाही, परिचारिका आणि सुइणीचे शिक्षण दिले, तेव्हा समाजाने नाके मुरडलीच. तीच मुरडलेली नाके आज विचारतात, ‘पैसे घेऊन बाळंतिणीजवळ बसणारी ही बाई कोण? कुठल्या जातीची?’ आम्ही विचारतो, कळ येताना जात आठवते काय?

दुसरा पक्ष दवाखान्यांचा. ‘गर्दी होते, जंतू येतात, नातेवाईक मध्ये बोलतात, शेजारच्या खाटेवरील स्त्रीची लाज राखता येत नाही.’ यांतील प्रत्येक अडचण खरी आहे आणि प्रत्येकीला उत्तर आहे. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली. तिला संसर्गजन्य रोग नसावा, कपडे स्वच्छ असावेत, ती अखेरपर्यंत थांबणारी असावी, तिने कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि दुसऱ्या स्त्रियांकडे जाऊ नये, अशा अटी घातल्या. आडोशाची सोय असेल तेथे पतीलाही वाट मोकळी ठेवली. २०१७ साली सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही हे तत्त्व आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी स्पष्ट शिफारस केली. तेव्हा दोन खाटांमध्ये एक पडदा आणि बसायला एक स्टूल, यापलीकडे फारसे काही लागत नाही. जेथे दार उघडत नाही तेथे कारण बहुधा जंतूंचे नसते. साक्षीदार नको असतो. कळांनी ओरडणाऱ्या बाईवर खेकसणे, चापट मारणे, टोचून बोलणे, हे जगभर इतके आढळले की २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेला त्याविरुद्ध निवेदन काढावे लागले. जवळ आपले माणूस असले की परके तोंडही सांभाळून बोलते. जे डॉक्टर आणि परिचारिका रात्र-रात्र जागून मायेने हे काम करतात, त्यांना सोबतिणीचे भय असण्याचे कारण नाही. उलट त्यांचे दोन हात वाढतात.

आपल्या सीमाभागात याला आणखी एक बाजू आहे. एकाच प्रसूतिकक्षात कानडी, मराठी, कोंकणी, उर्दू बोलणाऱ्या स्त्रिया शेजारी-शेजारी असतात. बाजारात आपण तिन्ही-चारी भाषा सहज बोलतो. पण वेणांत माणूस आईच्याच भाषेत ओरडते, आणि सूचनाही त्याच भाषेत समजते. कानडी बोलणाऱ्या परिचारिकेचा यात दोष नाही, तसाच काणकोणहून लग्न होऊन बेळगावास आलेल्या मुलीचाही नाही. त्या घटकेला ‘भिऊं नाका, हांव आसां’ एवढे तिच्या बोलीत म्हणणारी एक बाई हवी, आणि डॉक्टरांचे म्हणणे तिच्या कानाशी उलगडून सांगणारीही हवी. हा भाषेचा वाद नव्हे. हा माणुसकीचा व्यवहार आहे.

आता सर्वांत नाजूक आक्षेप: ‘आई असताना, सासू असताना, परकी बाई कशाला?’ आई असावीच, पण मुलीने मागितली तर. काही आया लेकीची कळ पाहून स्वतःच रडू लागतात; चरकाने विषाद टाकलेली स्त्री सांगितली ती यासाठीच. काही घरी सासूसमोर सुनेला मोठ्याने कण्हण्याचीही चोरी असते. कोणाला मावशी हवी असते, कोणाला थोरली जाऊ, कोणाला नवरा, आणि कोणाला खरोखरच बाहेरची, या कामात मुरलेली बाई. मान कोणाचा, रुसवा कोणाचा, हे हिशेब बारशाला करावेत. पाठराखीण कोण हे गर्भिणीनेच ठरवावे, आणि तिचा शब्द अखेरचा मानावा. आमचे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे.

ती निवडावी कशी? सातवा महिना लागताच तिला घरी बोलवावे. ऐन वेळी नव्हे. किती बाळंतपणे जवळून पाहिली ते विचारावे. ‘मूल रडले नाही तर तू काय करशील?’ हा प्रश्न जरूर करावा. जी म्हणेल ‘मी बाजूला होईन आणि डॉक्टरांना जागा देईन’, ती ठेवण्याजोगी. जी आपले तोडगे सांगू लागेल तिला नमस्कार करावा. दवाखान्याविरुद्ध मन कलुषित करणारी नको, तशीच डॉक्टरांपुढे तोंड न उघडणारीही नको. रात्री दोनला हाक मारली तर येईल का, स्वतः अडली तर बदली कोण देईल, मोबदला किती आणि तो कशाकशाचा, हे आधीच मोकळेपणाने बोलावे. तिची नखे पाहावीत. सुश्रुताची कसोटी आजही खोटी ठरलेली नाही. आणि शेवटी तिला व त्या मुलीला अर्धा तास एकांतात बोलू द्यावे. ती उठून गेल्यावर मुलीचा चेहरा हलका दिसला, तर निवड झाली.

सोबतीचे काम मूल झाल्यावर संपत नाही. गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के स्त्रियांना मनाच्या खिन्नतेचा आजार जडलेला आढळला. दारिद्र्य आणि पतीचा जाच यांबरोबर त्याचे आणखी एक कारण निघाले: मुलगी होणे. लक्ष्मी आली म्हणून पेढे वाटणाऱ्या समाजाने हे वाक्य दोनदा वाचावे. सव्वा महिन्याच्या विश्रांतीची आपली चाल मुळात शहाणपणाची. पण सोयराच्या नावाखाली अंधाऱ्या खोलीत बाळंतिणीला एकटी टाकणे ही विश्रांती नव्हे. बंद खोलीतील शेगडीचा धूर आई आणि मूल दोघांनाही घातक आहे. पहिला चीक पिळून टाकू नये, तो तासाभरात बाळाच्या तोंडी जावा. मध चाटवू नये. चांगली पाठराखीण डिंकाचा लाडू आनंदाने करून देईल, आणि ताप, झटके, दुर्गंधी स्राव किंवा घडीघडीला भिजणारे कपडे दिसले तर लाडू बाजूला ठेवून १०८ ला फोन करील. आणि मुलगी झाली म्हणून तोंड फिरविणाऱ्यांच्या आणि त्या आईच्या मध्ये ती उभी राहील.

‘हे सारे श्रीमंतांचे चोचले’, असे कोणी म्हणेल. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत राबणारी किंवा विड्या वळणारी बाई डूलेचे पैसे कोठून आणणार? तिच्या बहिणीने सोबत बसावे तर तिचा रोज बुडतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच आम्ही हा लेख देवळाशी नाते असलेल्या वाचकांसाठी लिहीत आहो. आपल्या प्रत्येक देवस्थानाशी भजनी मंडळ आहे, महिला मंडळ आहे. अनगोळच्या हरिमंदिरात भजनाला जमणाऱ्या स्त्रियांपासून गोव्याकडच्या कुलदेवतांच्या पालखीपर्यंत स्त्रियांची शिस्त आणि सेवाभाव आपण नित्य पाहतो. अशा दहा-दहा पोक्त, शांत स्त्रियांनी एखाद्या अनुभवी परिचारिकेकडून थोडे शिक्षण घ्यावे, आपली नावे व बोली फळ्यावर लिहाव्यात, आणि ज्या गरोदर स्त्रीला जी मानवेल ती तिने निवडावी. दानपेटीतील थोडा भाग गरीब सोबतिणीचा बुडालेला रोज भरून देण्यास लावावा. देवळाच्या कळसाला सोने चढविणारे आपण. एका रात्रीचा रोज आपल्याला जड नाही. या यादीत जात विचारू नये, निवडणाऱ्या बाईचीही आणि निवडलेल्या बाईचीही.

गर्भागाराला आपण गर्भागार म्हणतो, कारण तेथे देव वसतो. ज्या खोलीत प्रत्येक माणसाचा जन्म होतो तिच्या दाराशी आपण विटाळ आणि मनाई अशा दोन पाट्या लावून ठेविल्या आहेत. पहिली आपण लावलेली, ती आपणच काढावी. दुसरी काढण्यासाठी सरकारचा आदेश केव्हाच निघालेला आहे, तो हाती घेऊन दवाखान्याकडे विनयाने पण ठामपणे मागणी करावी. येत्या दोहाळेजेवणात ओटी भरण्यापूर्वी घरातील वडील स्त्रीने त्या मुलीला शेजारी बसवून एवढेच विचारावे: ‘बाळ, तुझ्याजवळ कोण हवे?’ आणि ती जे नाव घेईल, त्यावर कोणी तोंड वाकडे करू नये.